मे महिन्यात गोव्यात ट्रेलर : उन्हाचा मार नेमका कुठे बसतो

पणजीचा पारा मे महिन्यातही नागपूरसारखा ४५ला जात नाही. ३३, ३४, फार तर ३६. हा आकडा बघून घाटावरची मंडळी निर्धास्त होतात आणि दुपारी बारा वाजता कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडून निघतात. गोव्याचा उन्हाळा आकड्यात दिसत नाही. हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, रात्रीही पारा फारसा उतरत नाही आणि जांभ्याचं अंगण दिवेलागणीनंतरही तापलेलं असतं. दिवसभर ट्रेलरच्या छतात, टायरात, तारांमध्ये साठलेली उष्णता रात्री बाहेर पडायला वावच मिळत नाही. विदर्भात उपयोगी पडणारा पाण्याचा कूलर इथे कुचकामी ठरतो, कारण आधीच ओल्या हवेत पाणी उडत नाही. तो घरीच ठेवा, तेवढंच वजन कमी.

आधी टायर, कारण ओढताना सर्वात जास्त घात तिथेच होतो. पंक्चरच्या दुकानात एक सल्ला हमखास मिळतो : ‘उन्हाळा आहे, दोन-चार पॉइंट हवा कमीच ठेवा.’ ट्रेलरच्या बाबतीत हा सल्ला घातक आहे. टायर मुख्यतः बाहेरच्या उन्हाने तापत नाही, तो स्वतःच्या लवण्याने तापतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू जास्त दबते, रबर आणि आतले थर एकमेकांवर घासतात, उष्णता वाढत जाते आणि शेवटी वरचा पट्टा सुटतो. मोटारीला चार चाकं असतात आणि स्टीअरिंगमधून काहीतरी कळतं. ट्रेलरचा टायर मऊ झालेला चालकाला कळतच नाही. कळतो तो आरशात रबराचे तुकडे उडताना दिसल्यावर.

म्हणून हवा पहाटे भरायची, चाकावर ऊन पडण्याआधी आणि ट्रेलर निदान तीन तास उभा असताना. आकडा ट्रेलरच्या चेसिसवर किंवा दाराशी लावलेल्या पट्टीवर असतो, तोच धरायचा. पहाटे ५० पीएसआय भरली तर दुपारी महामार्गावर ५६-५८ दिसणं स्वाभाविक आहे. २० टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर एक तर हवा मुळात कमी होती, नाहीतर वजन जास्त झालंय. तापलेल्या टायरातून हवा काढायची नाही. काढली तर गार झाल्यावर तो ४३-४४वर बसतो आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर सगळ्यात जास्त तापतो. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका नाही. तो कोरडा असतो एवढाच फायदा, बाकी तापल्यावर तोही हवेइतकाच फुगतो.

ट्रेलरचे टायर झिजून बाद होत नाहीत, वयाने बाद होतात. बाजूवरच्या चार आकड्यांत वय लिहिलेलं असतं : २३२० म्हणजे २०२०च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांनंतर तो उन्हाळ्यात ओढायला घेऊ नका. रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच चालतात, त्यापुढे धातूचेच हवेत. आणि वजनाचा अंदाज कधीच बांधू नका. खडीच्या खाणींजवळ आणि महामार्गालगत वजनकाटे असतात. ट्रेलर पूर्ण भरून, पाण्याची टाकीही भरून एकदा काट्यावर चढवा. १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो. एवढं करूनही चालत्या गाडीत टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय मारायचा नाही. स्टीअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि वेग आपोआप पडू द्यायचा. तापलेल्या डांबरावर ६०-७०च्या पुढे ट्रेलर नेण्यात काहीच शहाणपण नाही.

गोव्यातच वर्षभर उभ्या राहणाऱ्या ट्रेलरांचा प्रश्न वेगळा आहे, तो बेअरिंगचा. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो, ट्रेलर अंगणात उभा, आणि हबच्या (चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसवलेल्या भागाच्या) सीलमधून ओल आत जाते. ग्रीस दुधी पडतं, बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे बारीक ठिपके येतात. तेव्हा काहीच कळत नाही. एप्रिलमध्ये ट्रेलर बाहेर काढला, तासभर ओढला की त्याच ठिपक्यांवर घर्षण होऊन हब तापतो, ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि बेअरिंग जाम. चाक हबसकट निघून गेल्याचे प्रकार यातूनच होतात. पावसाळ्यानंतर हब उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढा, बेअरिंग रॉकेलने धुऊन वाळवा, लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस बोटांनी रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा आणि सील नवं बसवा. जुन्या ग्रीसवर नवं चढवण्यात अर्थ नाही.

प्रवासात दर तासा-दीड तासाने थांबून हब तपासायची सवय हवी. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर आधी हात जवळ नेऊन मग हलकेच टेकवा. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. दोन्ही बाजूंचे हब साधारण सारखे गरम हवेत. एक बाजू दुसरीपेक्षा वीसेक अंशांनी जास्त असेल तर तिथलं बेअरिंग तरी बिघडलंय किंवा ब्रेक तरी चिकटलाय. उन्हाकडच्या बाजूला चार-पाच अंशांचा फरक चालतो.

चोर्ला, अनमोड किंवा आंबोली, गोव्यात येताना कुठलाही घाट धरा, शेवटी लांब उतरण आहेच. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात तर घाट संपेपर्यंत चाकांतले ब्रेक ड्रम इतके तापलेले असतात की पॅडल दाबलं तरी पकड राहत नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबून कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा. सतत हलका दाब ठेवणं सर्वात वाईट. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर त्यांचा जोर ठरवणारा कंट्रोलर घाटाआधी सपाट रस्त्यावर जुळवून घ्या. पायथ्याशी थांबल्यावर दोन गोष्टी करायच्या नाहीत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तो तडकतो. आणि ट्रेलरचा हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले ब्रेक शू ड्रमला चिकटून बसू शकतात. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि अर्धा तास द्या.

परतीचा चढ इंजिनची परीक्षा घेतो. पहाटे सहाला पायथा सोडा. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पंखा जोरात. आतल्या माणसांना त्रास होतो, पण हीटरचा रेडिएटर इंजिनची बरीच उष्णता बाहेर काढतो. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा, बॉनेट उघडून इंजिन किंचित वाढीव आयडलवर चालू ठेवा. वाफ येत असेल किंवा कूलंट गळत असेल तर मात्र ताबडतोब बंद. रेडिएटरचं झाकण पाऊण तास तरी उघडू नका. मॅन्युअल गाडीने ट्रेलर चढावर मागे घेताना क्लच जळतो. वास आला की थांबायचंच, ‘आता एवढंच राहिलंय’ म्हणून ढकलायचं नाही. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) असेल तर तो अशाच वेळेसाठी आहे. वाळूत उतरण्याचा तर विचारही नको, किनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे.

आता उभं करण्याचं. इथे परदेशी पुस्तिकांवर विसंबू नका. उत्तर बाजू नेहमी सावलीत असते, म्हणून फ्रीजची उष्णता बाहेर सोडणारी जाळी उत्तरेला ठेवा, असं त्यात लिहिलेलं असतं. युरोपात ते बरोबर आहे. गोवा साधारण १५.५ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत तो थोडा उत्तरेकडूनच जातो. म्हणजे मे महिन्यात उत्तर बाजू उन्हात आणि दक्षिण बाजू सावलीत! मार्चमध्ये याच्या उलट. मेच्या दुपारी चार वाजता ऊन पश्चिमेच्याही थोडं उत्तरेकडून येतं. म्हणून ट्रेलर पूर्व-पश्चिम लांब उभा करा, म्हणजे दुपारचं तिरपं ऊन अरुंद बाजूवर पडेल, आणि फ्रीजच्या जाळीची बाजू दक्षिणेला ठेवा. एवढ्या एका गोष्टीने आतला उकाडा जेवढा कमी होतो तेवढा कुठल्याच पडद्याने होत नाही.

डोक्यावरचं ऊन मात्र छतालाच घ्यावं लागतं. त्यावर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट, ७५ टक्के सावलीची. ती छतावर पसरायची नाही, छतापासून निदान एक फूट वर ताणून बांधायची, म्हणजे मधून वारा खेळतो. छताला चिकटवली तर जाळीच तापून उष्णता खाली देते. सौर पॅनलवर सावली येणार नाही असं बघा, आणि तापलेल्या पॅनलमधून वीज कमी मिळते हेही धरून चला : २५ अंशांनंतर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के.

झाडाची सावली हवीहवीशी वाटते, पण झाड बघून थांबा. माडाखाली ट्रेलर कधीच नको. नारळ तर पडतोच, वाळलेली झावळी वाऱ्याशिवायही सुटते आणि छतावरचा एसी किंवा व्हेंट फोडते. फणसाखाली का नको हे सांगायला नको. आंब्याचा चीक उन्हात रंगावर पक्का बसतो. चिंच किंवा वड असेल तर बरं, फक्त वळवाचं लक्षण दिसलं की तिथूनही बाजूला व्हा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर पूर्वेला घाटावर ढग जमले तर ऑनिंग (ट्रेलरच्या बाजूला ताणायचं कापडी छत) आधीच गुंडाळून ठेवा. पहिला झोत आल्यावर ती आवरता येत नाही.

सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) आणि काजूच्या बागांत मार्च ते मे गवत काडीसारखं वाळलेलं असतं. ओढणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चढावर काही शे अंशांपर्यंत तापतात, आणि त्यांच्याखाली गुडघाभर गवत असेल तर वणवा पेटतो. कुणाच्या तरी वर्षभराच्या काजूचा प्रश्न असतो. उघड्या मातीवर थांबा किंवा आधी चारी बाजूंनी दोन मीटर गवत काढून टाका. दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं दाराशीच असावं, पलंगाखाली नव्हे. डांबरावर उभं करत असाल तर जॅकखाली फूटभर रुंद, दोन इंच जाड फळी टाका; दुपारी डांबर मऊ होतं आणि जॅक आत रुततो.

विजेकडे फार कमी लोक लक्ष देतात. एक टनाचा एसी साधारण १.२ ते १.५ किलोवॅट घेतो, म्हणजे सहा-सात अँपिअर, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्याच वेळी किटली आणि गिझर लावला तर १५ अँपिअरचा पॉइंट पुरत नाही. शिवाय संध्याकाळी सगळ्या गावाचे एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि स्वतःला तापवून घेतो. १९०च्या खाली उतरत असेल तर स्टॅबिलायझरशिवाय एसी लावू नका. जोडणीची केबल १५-२० मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची, त्याहून लांब असेल तर ४ची. रीळवर गुंडाळलेली केबल वापरायची असेल तर ती पूर्ण उलगडूनच; गुंडाळीत उष्णता कोंडते आणि आतली वेटोळी वितळतात. खाऱ्या हवेने प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, त्यातून विरोध वाढतो आणि प्लग काळा पडतो. बारीक पॉलिश पेपरने पिना साफ करा, एसी लावून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग नसलेल्या ठिकाणी ट्रेलरला वीज घेऊच नये.

गॅसवर चालणारा फ्रीज उकाड्यात मागे पडतो. वरच्या जाळीच्या आत १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा बसवला तर फरक पडतो. मासळी त्यात ठेवू नका, तिला बर्फाची वेगळी पेटी. ओढताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, सिलिंडर उभा आणि सावलीत. जमिनीलगतच्या झरोक्यातून धूळ येते म्हणून तो कधीही बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तिथूनच बाहेर पडतो. लायटर, स्प्रेचे डबे, पॉवरबँक आणि इन्सुलिन बंद ट्रेलरमध्ये सोडून जाऊ नका.

बंद ट्रेलरमध्ये मूल किंवा कुत्रा ‘पाच मिनिटांसाठी’सुद्धा ठेवायचा नाही. एसी चालू असला तरी नाही, कारण वीज केव्हाही जाते. चालत्या ट्रेलरमध्येही कुणी बसायचं नाही. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो नुसता थकवा नव्हे, उष्माघात आहे, मग घाम येत असला तरी. १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत आडवं करून, कपडे सैल करून सतत पाणी ओतत राहा, सोबत पंख्याचा वारा द्या. काखेत आणि मानेवर बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.