पुलाला बळी लागतो म्हणे

लहानपणी आमच्या गावाजवळ नदीवर पुलाचं काम निघालं तेव्हा दुपारी घराबाहेर पडायची चोरी होती. आजी दारातच तांदूळ निवडत बसायची आणि तिकडे फिरकलात तर पोत्यात घालून नेतील, पुलाला बळी लागतो, असं इतक्या सहज सांगायची की जणू खडी-सिमेंटसारखंच तेही एक मटेरियल. आम्ही जायचोच म्हणा.

हे आठवलं ते परवा मोबाईलवर ग्रीसमधल्या आर्टा गावच्या दगडी पुलाचे फोटो बघताना. आराख्थोस नदीवर चार मोठ्या कमानी, एकीचं माप दुसरीला नाही, त्यातली एक तर इतकी उंच की पुलाला उंटासारखं कुबड आलंय. आत्ताचं बांधकाम सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, तुर्की अमलातलं. १८८१ ते १९१२ ग्रीस आणि तुर्की साम्राज्याची हद्द इथेच होती, म्हणजे पूल ओलांडला की देश बदलला.

पण तिथल्या लोकांना विचाराल तर आधी गाणंच सांगतील. ४५ गवंडी आणि ६० शिकाऊ पोरं दिवसभर पूल बांधतात आणि रात्री तो कोसळतो. (कधीच न संपणाऱ्या कामाला ग्रीक लोक अजून आर्टाचा पूल म्हणतात, आपल्याकडे मुंबई-गोवा हायवे आहेच.) मग एक पक्षी माणसाच्या आवाजात सांगतो, मुख्य गवंड्याची बायको पुलाच्या पायात चिणा. नवरा तिला निरोप धाडतो, सावकाश ये, आणि पक्षी जाऊन सांगतो लवकर ये! ती येते, अंगठी खाली पडलीय म्हणून तिला पायात उतरवतात आणि वरून दगड टाकायला लागतात.

इथे मला आपली शिळासप्तमीची कहाणी आठवली. राजा तळं बांधतो, पाणी लागत नाही, जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात, मग सुनेला माहेरी पाठवून गुपचूप काम उरकतात. फरक एवढाच की आपल्या कहाणीत ती तळ्याची पूजा करते आणि पोर मागून येऊन तिचे पाय धरतं. ग्रीक बाई काही परत येत नाही. पण दोन्हीकडे देवाला परक्या घरून आलेली बाई नाहीतर तिचं पोरच कसं दिसतं, राजाचा किंवा गवंड्याचा स्वतःचा नंबर कधी लागत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

ती ग्रीक बाई मात्र गप्प मरत नाही. आम्ही तिघी बहिणी, तिघींच्या नशिबी हेच आलं म्हणते आणि शाप देते, माझं काळीज थरथरतंय तसा हा पूल थरथरो, माझे केस गळतात तशी वरून जाणारी माणसं गळून पडोत. तेवढ्यात कुणीतरी आठवण करून देतं, अगं, तुझा भाऊ परदेशी आहे, उद्या तोच यायचा या वाटेनं. झालं, बाई शाप फिरवते, डोंगर हलले तरच पूल हलो. नवऱ्यासाठी नाही हं, भावासाठी. जात्यावर बसलेल्या आपल्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आमच्या गावचा पूल दोन पावसाळे खाऊन एकदाचा झाला. पहिल्या एसटीत आजी खिडकीशी बसली होती, मांडीवर करंज्यांचा डबा, मध्यावर गाडी आल्यावर तिनं कनवटीचं नाणं काढून खाली पाण्यात टाकलं. भाऊबीज होती, आणि तिचा भाऊ पलीकडच्या काठाला राहायचा.