मंग थे कायची पतंग!

संक्रांतीला गावी गेलो की माझ्याकडे एकच काम असतं, पुतण्याची चक्री धरायची. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, झाडं बोटावर मोजण्याइतकी आणि जमीन तव्यासारखी सपाट. पाहुण्याला हौसेनं दाखवावं असं काही नाही. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला गाविलगडाची निळसर रेघ दिसते, तेवढीच. बाकी हरभऱ्याचं वावर जिथं संपतं तिथून आभाळ सुरू. आमचा सगळा देखावा वरच आहे.

यंदा पतंग चांगली तुरीच्या वावरापलीकडे गेली होती. वाऱ्याचा झोत आला, पतंग सर्रकन आडवी धावली आणि चक्री माझ्या हातात गरागरा फिरायला लागली. थांबवायला अंगठा टेकवला तर चटकाच बसला. अंगठा चोखता चोखता मनात आलं, अरे, हीच ती वीज!

कारण पतंगीवर वीज काढणारे लोक खरोखरच आहेत. माइल्स लॉइड नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1980 साली त्याचं गणित मांडलं. पतंग एका जागी तरंगत ठेवली तर ओढ बेताची. तीच वाऱ्याला आडवी पळवली की दोरी कितीतरी पटीनं ताणली जाते. (हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं, फक्त गणित सोडून.) आता यंत्रच पतंगीला आभाळात इंग्रजी आठ काढायला लावतं. दोरी सुटत जाते, खालचा भलामोठा रीळ फिरतो, त्यावर जनरेटर चालतो. दोरी संपत आली की पतंग ढिली करून, थोडी वीज खर्चून ती गुंडाळून घ्यायची आणि पुन्हा ढील द्यायची. जर्मनीच्या स्कायसेल्स कंपनीनं 2021 मध्ये मॉरिशसला अशी पतंग उडवली. गूगलच्या घरातल्या मकानी कंपनीनं 26 मीटर पंखांचं विमानच दोरीला बांधलं होतं. 2020 मध्ये ते दुकान बंद झालं.

आमच्याकडे हे लवकर येईल असं नाही. वारा इथला आळशी, पवनचक्क्या सातारा-सांगली-धुळ्याकडे. पण आली तर कशी दिसेल, हे काही डोक्यातून जाईना. मनोरा नाही, पाती नाहीत, म्हणजे देखावा बिघडत नाही, असं तिची बाजू घेणारे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आमच्या धुऱ्यावरून हायटेन्शनची लाईन गेलीय, तिच्या तारेला गेल्या वर्षीच्या पतंगीचा सांगाडा अजून लोंबतोय; ती लाईन आता कोणाला दिसतसुद्धा नाही. उभी वस्तू डोळा पचवतो. हलती वस्तू मात्र डोळ्याला ओढून घेते. निंदण करणारी बाई एरवी पाठ ताठ करायला म्हणून आभाळाकडे पाहते; आता पाहील तेव्हा तिथं कोणीतरी कामावर असेल. रात्री तर ती बहुधा लाल दिवा लावून फिरणार. आमच्याकडे जागलीला जाणाऱ्याला चांदण्यावरून वेळ कळते, त्यात हा एक फिरता तारा!

मोठ्या बाबांना हे सगळं सांगितलं. ते बाजेवर बसून तिळाचा लाडू दाढेखाली धरून होते.

"वारा पडला तं?"

"खाली घेते जी, आपोआप."

"कोन घेते?"

"कॉम्प्युटर."

"अन् कापाले कोनी आलं तं?"

"तिले कोन कापते? बोटाएवढी जाड दोरी असते."

"मंग थे कायची पतंग!" म्हणाले, आणि लाडू फोडला.

मी वाद घालणार होतो. कोळशाचा धूर, रात्रीची लाईन, पाणी द्यायला तीन वाजता उठणं, सगळं तयार होतं जिभेवर. तेवढ्यात शेजारच्या माडीवरून "ओ काट!" अशी आरोळी उठली. हातातली चक्री एकदम हलकी झाली. आमची पतंग डुलत डुलत पऱ्हाटीकडे निघाली होती, आणि चार वावरांतली पोरं धुरे तुडवत, वर बघत तिच्यामागे पळत सुटली होती.

मोठे बाबाही बाजेवरून उठले होते. कपाळावर हाताची झापड धरून, ती कुठं पडते ते पाहायला.