तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेच्या पहिल्या दिवशी तेरेश्कोवाच का?

दरवर्षी कोणीतरी विचारतंच. कधी पालकसभेत, कधी हर्णैच्या बंदरावर मासळी घेताना एखाद्या विद्यार्थिनीची आई. आणि शुभांशु शुक्ला अंतराळात जाऊन आल्यापासून तर जास्तच, की "बाई, आपले राकेश शर्मा आहेत, कल्पना चावला आहे, आता शुक्ला पण जाऊन आले, मग पहिल्याच दिवशी पोरांना ती रशियन बाई कशाला सांगता?" मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर देते आणि घरी आल्यावर वाटतं की अर्धं राहूनच गेलं. म्हणून आज नीट बसून लिहितेय.

एक कारण अगदी साधं, कॅलेंडरचं. आपल्याकडे शाळा उघडते 15-16 जूनला, एखादा दिवस मागेपुढे, आणि व्हॅलेंतिना तेरेश्कोवा, अंतराळात गेलेली जगातली पहिली बाई, वर गेली ती 16 जून 1963 ला. जूनमध्ये इथे आकाश दाखवायचं म्हटलं तर ढगांशिवाय काही नाही, पण मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, त्यामुळे बंदरावरची सगळी पोरंपोरी वर्गात हजर. नारळी पौर्णिमा झाली की आठवी-नववीच्या मुली आयांबरोबर पहाटे मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात जायला लागतात आणि वर्ग अर्धा होतो. मला जे सांगायचंय ते त्या मुलींना सांगायचंय, तर त्या समोर असतानाच सांगायला नको का?

दुसरं कारण घरातलं. माझे बाबा लालबागला कापड गिरणीत होते, त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. तेव्हा आमच्या वाडीत गिरणीत माणूस नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं. त्या वेळी गुळगुळीत कागदाची रशियन मासिकं यायची, वाचायची कमी आणि वह्यापुस्तकांना कव्हरं घालायला जास्त, आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरवर हेल्मेट घातलेली एक बाई आली होती. गणपतीला बाबा गावी आले तेव्हा त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून फोटो बघितला आणि म्हणाले, "ही पण गिरणीतलीच गं." बस, एवढंच. पण मला ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं पुरलं, कारण बाबांच्या खात्यातलं कोणी तिकडे वर जाऊ शकतं हे मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि ती खरंच गिरणीतली. जन्म 1937 चा, यारोस्लाव्हल भागातल्या मास्लेनिकोवो नावाच्या खेड्यातला. वडील ट्रॅक्टर चालवायचे, फिनलंडबरोबरच्या युद्धात रणगाड्यावर होते, तिथेच गेले, तेव्हा ही दोन-तीन वर्षांची. आईने तीन पोरं घेऊन शहर गाठलं आणि कापड गिरणीत लागली. व्हॅलेंतिना सतराव्या वर्षी टायरच्या कारखान्यात लागली, मग आईच्याच गिरणीत, क्रास्नी पेरेकोप तिचं नाव, आणि काम करता करता बाहेरून शिक्षण चालू. शहरात फ्लाइंग क्लब होता, तिथे ही पॅराशूट शिकायला लागली, 21 मे 1959 ला पहिली उडी मारली, आणि घरी आईला पत्ताच नाही.

आता माझ्या मते खरी गंमत इथे आहे आणि मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते.

अंतराळात कोण जाऊ शकतं हे शेवटी कोणीतरी कागदावर लिहितं, पात्रतेची अट म्हणून. अमेरिकेत अट होती की जेट विमानांचा टेस्ट पायलट पाहिजे. आणि मिलिटरीच्या टेस्ट पायलट शाळेत बायकांना प्रवेशच नव्हता. तिथे तेरा महिला वैमानिकांनी मर्क्युरीच्या, म्हणजे माणसाला अंतराळात पाठवायच्या पहिल्या अमेरिकन कार्यक्रमाच्या, अंतराळवीरांसारख्याच वैद्यकीय चाचण्या पार केल्या होत्या, जुलै 1962 मध्ये त्यांच्यातल्या दोघी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जाऊन बोलल्या पण, तरी अट काही हलली नाही. सोव्हिएत लोकांनी त्याच वर्षी काय केलं तर बायकांसाठी पायलटची अटच काढली आणि पॅराशूट घातलं. हे काही उदारपणाने केलेलं नव्हतं हां, त्यामागे यानाची रचना होती. व्होस्तोक यान जवळजवळ सगळं आपोआप चालायचं, पण त्यात बसून जमिनीवर उतरता येत नव्हतं, परत येताना साधारण सात किलोमीटर उंचीवर सीटसकट बाहेर फेकलं जायचं आणि पुढे स्वतःच्या पॅराशूटने यायचं. म्हणजे पॅराशूट येणारी माणसं हवी होती. आणि पॅराशूट तर गिरणीतली पोरगी सुट्टीच्या दिवशी शिकत होती! अट बदलली आणि दार उघडलं, चारशेच्या वर अर्जांतून पाच जणी निवडल्या, त्यात ही एक.

या पाचांत हीच सगळ्यात हुशार होती असं मी कधीच सांगत नाही. पोनोमार्योव्हा इंजिनियर होती, विमान चालवायची, सोलोव्योव्हाच्या पॅराशूट उड्या हिच्यापेक्षा किती तरी जास्त. तेरेश्कोवाला निवडलं त्यात कामगाराची मुलगी, वडील युद्धात गेलेले, हे दाखवायला छान, हा राजकारणाचा भाग मोठा होता आणि तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह, त्याच्या काळात ते तसंच होणार होतं. मुलींना हे सांगायलाच हवं असं मला वाटतं. नुसती जिद्द होती म्हणून झालं असं सांगितलं की ज्यांचं झालं नाही त्यांच्यात जिद्द नव्हती असा अर्थ निघतो, आणि तो खोटा आहे.

पण एकदा वर गेल्यावर तिथे राजकारण कामाला येत नाही. जेमतेम अडीच मीटरचासुद्धा व्यास नाही अशा गोळ्यात ती 70 तास 50 मिनिटं होती, पृथ्वीला 48 फेऱ्या. मर्क्युरीच्या सगळ्या अमेरिकन अंतराळवीरांचे तास एकत्र केले तरी तेवढे भरत नाहीत. सगळा वेळ स्पेससूटमध्ये, सीटवरच. हेल्मेट खांद्यावर टोचत होतं, पाय दुखत होते, उलटी पण झाली. टूथपेस्ट दिली होती आणि ब्रश द्यायला विसरले होते (हे ऐकलं की वर्ग खो खो हसतो, दरवर्षी). दोन दिवस आधी गेलेला सोव्हिएत अंतराळवीर बिकोव्हस्की दुसऱ्या यानात फिरत होता, दोघं सुरुवातीला पाचेक किलोमीटरपर्यंत जवळ आले आणि रेडिओवर बोलले. घरी आईला सांगितलं होतं की पॅराशूटच्या ट्रेनिंगला जातेय, आईला बातम्यांतून कळलं.

आणि वर असताना तिच्या लक्षात आलं की यानाचं तोंड चुकीचं लावलंय. हे जरा समजून घ्या. खाली यायचं तर यानाचा वेग कमी करावा लागतो, म्हणून इंजिन पुढच्या दिशेला करून पेटवतात म्हणजे ब्रेक लागतो. तिने पुढे सांगितल्याप्रमाणे आपोआप चालणाऱ्या यंत्रणेत दिशा उलटी भरली गेली होती, तसंच इंजिन पेटलं असतं तर यान खाली यायच्या ऐवजी आणखी वरच्या कक्षेत गेलं असतं. वर्गात हे मी फळ्यावर काढत होते तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, बापाची होडी आहे त्याच्या, खडू हातात न घेताच म्हणाला, "बाई, नाळ कुठे आहे बघितल्याशिवाय इंजिन चालू करायचंच नाही." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. बरोब्बर तेच. तिने बघितलं, खाली कळवलं, मग नवीन आकडे पाठवले गेले आणि ती यंत्रणेत भरून सुखरूप उतरली, 19 जूनला, अल्ताई भागात.

उतरताना पॅराशूटखाली तलाव दिसत होता, तीन दिवसांची थकलेली, अंगावर तो अवजड सूट, पण वाऱ्याने पलीकडे नेलं. गावातले लोक धावत आले, त्यांनी खायला दिलं, हिने खाल्लं आणि आपल्याकडचं अंतराळातलं खाणं त्यांना वाटून टाकलं! डॉक्टर चिडले, कारण किती खाल्लं किती उरलं याचा हिशोबच गेला. पण दारात आलेल्या माणसांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला लागत नाही.

त्या दिशेच्या चुकीबद्दल कोरोल्योव्हने, म्हणजे सगळ्या कार्यक्रमाच्या मुख्य इंजिनियरने, तिला कुठे बोलू नको असं सांगितलं. ती कित्येक दशकं बोलली नाही. आणि या सगळ्या काळात मात्र तिच्याबद्दल कुजबुज चालू होती की बाई घाबरली, बाईला झेपलं नाही, हाताने यान वळवायला सांगितलं ते पहिल्यांदा जमलं नाही. ते खरंच पहिल्यांदा जमलं नव्हतं, शेवटच्या दिवशी जमलं. पण एकाचं न जमणं अख्ख्या जगाला माहीत आणि दुसऱ्यांची जीवघेणी चूक कपाटात बंद, हे मला अजूनही सहन होत नाही. दरवर्षी सांगताना आवाज चढतो माझा, मुलांना पण कळतं.

आणि पुढचं तर त्याहून वाईट. बाकीच्या चौघी कधीच गेल्या नाहीत. वर्षानुवर्षं ट्रेनिंग करत राहिल्या, 1969 मध्ये तो गटच बंद केला, आणि त्यांची नावंसुद्धा बाहेर यायला बराच काळ गेला. म्हणून मी फळ्यावर पाचही नावं लिहिते: तेरेश्कोवा, सोलोव्योव्हा, पोनोमार्योव्हा, योर्किना, कुझनेत्सोवा. पोरांना उच्चार करताना मजा येते आणि वहीत उतरवून घ्यायला लावते. दुसरी बाई अंतराळात गेली ती 19 वर्षांनी, ऑगस्ट 1982, स्वेतलाना साविट्स्काया, तेव्हा इकडे गिरण्यांचा संप चालू होता आणि बाबा ट्रंक घेऊन गावी परत आलेले होते. अमेरिकेची सॅली राइड 18 जून 1983 ला. आणि एकटीने, यानात दुसरं कोणी नसताना, पृथ्वीभोवती फिरलेली बाई आजही एकच आहे.

आता शुक्लांचं. मला त्यांचा अभिमान तुमच्याइतकाच आहे, 25 जून 2025 ला उड्डाण झालं तेव्हा आम्ही शाळेत प्रोजेक्टर लावला होता आणि लाइट जाऊ नये म्हणून शिपाईमामांपासून सगळे देवाला हात जोडून होते. पण गगनयानसाठी जे चौघं निवडले त्यांची नावं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली तेव्हा नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, "यात बाई का नाही?" त्याचं उत्तर असं की चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट, निवडच तिथून झाली. म्हणजे पुन्हा अटच. पहिल्या उड्डाणाला टेस्ट पायलट हवेत हे मला पटतं, धोका मोठा असतो. पण ही अट कोणी घातली, कशासाठी घातली, कधी बदलू शकते, हे विचारायचं असतं एवढं त्या मुलीला कळलं होतं, कारण तिने पहिल्या दिवशीचा तास ऐकला होता.

काही जण आणखी एक विचारतात, की ती बाई आता पुतिनच्या बाजूची ना? हो. रशियन संसदेत आहे, आणि 2020 मध्ये पुतिनना पुन्हा निवडणूक लढवता यावी म्हणून राज्यघटनेत बदल करायची सूचना तिनेच मांडली. मला ते अजिबात पटलेलं नाही, दहावीच्या मुलांना मी तेही सांगते, कारण मोठी होऊन ती इंटरनेटवर वाचणारच आहेत आणि मग त्यांना वाटेल बाईंनी लपवलं. तिच्या 70 तासांचं मोल माझ्या लेखी त्याने कमी होत नाही, आणि त्या 70 तासांमुळे तिचं पुढचं सगळं बरोबरही ठरत नाही.

तर असं आहे. शुक्लांचा तास मी 25 जूनला घेतेच, राकेश शर्मांचा 3 एप्रिलला, परीक्षेच्या गडबडीत का होईना. पण पहिला दिवस तेरेश्कोवाचा आहे आणि मी निवृत्त होईपर्यंत तिचाच राहील. ज्या आयांनी विचारलंत त्यांनी या वर्षी स्वतःच वर्गात येऊन बसा, मागच्या बाकांवर जागा असते, छत्र्या तेवढ्या बाहेर व्हरांड्यात ठेवा.