गुप्त मंडळांना काय ठाऊक होते? तुम्ही विचारलेत म्हणून

युरोपातील गूढवादी गुप्त मंडळांविषयी मी बरीच वर्षे वाचत आले आहे, हे ज्यांना ठाऊक आहे ते आज ना उद्या मला विचारतातच: ‘या लोकांकडे खरोखर काही गुपित होते का, आणि हे सगळे ते सांगतात तितके जुने आहे का?’ विचारले जाते एका दमात, पण हे दोन प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. सहसा ते तितके जुने नसते. अडचण अशी की एवढे ऐकल्यावर विचारणारा पहिला प्रश्नही निकालात निघाला असे समजून उठू लागतो.

१६१४ साली जर्मनीतील कासेल येथे एक छोटी निनावी पुस्तिका छापली गेली. पुढे ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्झ या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका पुरुषाची कथा तीत होती. मठात वाढलेला हा मुलगा पूर्वेकडे निघतो, दमास्कसमार्गे अरबस्तानात आणि तेथून फेझपर्यंत जाऊन तेथील ज्ञान्यांकडून विद्या मिळवतो. ती घेऊन स्पेनला आल्यावर तेथील पंडित त्याला हसतात, तेव्हा मायदेशी परतून तो मूठभर सोबत्यांचा एक बंधुसंघ स्थापन करतो. संघाचे नियमही पुस्तिकेत दिले आहेत: रुग्णांवर विनामूल्य उपचार करावेत, वेगळा वेष धारण करू नये, वर्षातून एकदा ठरल्या घरी जमावे, आपल्यामागे एक योग्य वारस नेमावा, आणि शंभर वर्षे संघ गुप्त ठेवावा. मग एके दिवशी घराची दुरुस्ती करताना एक दार सापडते, त्यावर ‘१२० वर्षांनी मी उघडेन’ असे कोरलेले असते, आणि आत सात भिंतींच्या, सूर्यावाचून उजळलेल्या दालनात संस्थापकाचा देह अविकृत अवस्थेत मिळतो.

पुढच्याच वर्षी दुसरी पुस्तिका आली, आणि १६१६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे तिसरी. पहिल्या पुस्तिकेने वाचकांना आपले मत छापून कळवण्याचे आवाहन केले होते, त्यानुसार विद्वानांनी, वैद्यांनी आणि किमयागारांनी या अदृश्य बंधूंना उद्देशून शेकडो पत्रके छापली. त्यांना उत्तर देणारे कोणी पुढे आले नाही. तिसऱ्या पुस्तिकेचा लेखक योहान व्हालेंटिन आंद्रेए हा लुथरपंथी धर्मोपदेशक होता. आपल्या आत्मवृत्तात त्याने तिला चक्क ‘लुडिब्रियम’ म्हटले आहे, म्हणजे खेळ किंवा थट्टा, आणि पहिल्या दोन पुस्तिकाही ट्यूबिंगेन येथील त्याच्याच मित्रमंडळात जन्मल्या असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही अठराव्या शतकात रोझिक्रुशियन, म्हणजे रोझेनक्रॉइट्झच्या नावाने चालणारे, खरेखुरे संघ उभे राहिले, आणि त्यांपैकी एकात प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने दीक्षा घेतली. आधी कळस, मग पाया, असा हा प्रकार आहे.

याला फसवणूक म्हणून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही, कारण थट्टेच्या मागे एक गंभीर आशा होती. लुथरच्या धर्मसुधारणेला शंभर वर्षे होत आली होती, तिच्यातून निघालेले पंथ एकमेकांच्या जिवावर उठले होते, १६०४ साली आकाशात नवा तारा दिसला होता, आणि धर्माची सुधारणा अर्धवट राहिली, आता विद्येची व्हावी, असे वाटणारे तरुण ती आशा लिहीत होते. पहिल्या पुस्तिकेत सोने करण्याच्या नादाला पाखंडी म्हणून झिडकारले आहे, हे किमयेच्या लोभाने तिच्याकडे धावलेल्यांनी बहुधा वाचलेच नाही. १६१८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि त्या आशेची राख झाली.

मग पूर्वज कल्पनेने का रचावे लागतात? जे अधिक प्राचीन ते अधिक शुद्ध, मूळ ज्ञान सृष्टीच्या आरंभी मानवाला मिळाले आणि पुढे झिजत गेले, ही या सर्व मंडळांची पायाभूत श्रद्धा आहे. त्याच्या जोडीला दुसरी श्रद्धा अशी की वरचे विश्व आणि खालचा मनुष्य एकाच आराखड्याचे आहेत, म्हणून ग्रह, धातू, अक्षरे आणि शरीराचे अवयव एकमेकांना साद देतात. तिसरी श्रद्धा अशी की हे नाते वाचून कळत नाही, पायरीपायरीने दीक्षा घेत स्वतः बदलावे लागते. इतक्या विचारांना प्राचीन गुरू हवाच, आणि तो हर्मीस ट्रिसमेजिस्टस या इजिप्तच्या पौराणिक ज्ञान्याच्या रूपाने सापडला होता. त्याच्या नावावरच्या ग्रीक पोथ्या फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोझिमो द मेदिची याच्या हाती आल्या, तेव्हा त्याने मार्सिलिओ फिचिनो या विद्वानाला प्लेटोचे भाषांतर बाजूला ठेवून आधी हे काम करायला लावले, आणि फिचिनोने ते १४६३ मध्ये पुरे केले. त्या पोथ्या मोझेसच्या काळातील इजिप्तच्या आहेत अशी समजूत होती. आयझॅक कॅसॉबन या भाषापंडिताने त्यांतील शब्द आणि शैली तपासून त्या ख्रिस्तोत्तर काळातील असल्याचे दाखवून दिले, आणि त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तोही नेमका १६१४ मध्ये. ज्या वर्षी प्राचीनतेचा आधार ढासळला त्याच वर्षी नवी प्राचीन कथा छापली गेली, या योगायोगाची गोडी मला अजून उतरलेली नाही.

फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींना तर अस्सल पूर्वज होते, ते म्हणजे दगडी बांधकाम करणारे गवंडी. स्कॉटलंडचे गवंडी आपल्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळात, परस्परांना ओळखण्याचा गुप्त शब्द जपत असत, आणि राजाच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने १५९९ च्या नियमावलीत त्यांची स्मरणकलेची परीक्षा घेण्याचे फर्मावले होते. १६४६ साली एलायस अ‍ॅशमोल हा विद्वान, ज्याने कधी दगडाला छिन्नी लावली नसावी, वॉरिंग्टन येथे लॉजमध्ये दाखल झाला आणि त्याने ते रोजनिशीत नोंदवले. एवढा इतिहास पुरे होता, पण १७२३ च्या नियमग्रंथात जेम्स अँडरसनने वंशावळ थेट आदामापर्यंत नेली, आणि पुढच्या पिढीने, १३१२ मध्ये बरखास्त झालेल्या, धर्मयुद्धांतील टेम्पलर योद्ध्यांशी नाते जोडले. लंडनमधील ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या संघटनेची गोष्टही अशीच आहे. १८८८ मध्ये तिची स्थापना झाली ती जर्मनीतील एका श्प्रेंगेल नावाच्या बाईंच्या अनुमतिपत्रांच्या जोरावर, आणि १९०० मध्ये संस्थापकांपैकीच मॅदर्सने ती पत्रे आपल्या सहकाऱ्याने बनावट रचल्याचा आरोप केला.

इल्युमिनाटींविषयीही विचारले जाते, म्हणून एवढेच सांगते की १७७६ मध्ये इंगोलश्टाट येथे एका कायद्याच्या प्राध्यापकाने काढलेला तो संघ गूढवादी नव्हताच. त्याला पाद्र्यांच्या पकडीतून बुद्धी सोडवायची होती, आणि दहा वर्षांच्या आत बव्हेरियाच्या शासनाने तो मोडून काढला.

आता पहिला प्रश्न. १७३० मध्ये सॅम्युएल प्रिचर्डने फ्रीमेसन विधींचे प्रश्नोत्तर जसेच्या तसे छापून विकले. झाकली मूठ उघडली, तर सव्वा लाखाची किंमत जायला हवी होती. घडले उलटेच: पुस्तिकेच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, खुद्द सदस्यही ती पाठांतरासाठी वापरू लागले, आणि लॉज वाढत राहिले. गुपित मजकुरात असते, तर हे घडले नसते.

याहून जुने उदाहरण अथेन्सजवळच्या एल्युसिस येथील, धान्यदेवता डीमीटरच्या प्राचीन गुप्त विधींचे आहे. तेथील विधीत ग्रीक भाषा समजणाऱ्या कोणालाही, बायकांना आणि गुलामांनाही, प्रवेश होता, मात्र हातून खून झालेला नसावा. आतले बाहेर सांगणाऱ्याला देहदंड होता. दीक्षितांना तेथे काही शिकायचे नसते, तर अनुभवायचे असते, असे अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे परंपरेने जपले आहे. तिसऱ्या शतकात हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकाने, पंथाचे हसे करण्याच्या हेतूने, त्यातील परमोच्च क्षण लिहून टाकला: शांततेत कापलेले धान्याचे एक कणीस दाखवले जाते. उपास करून, अथेन्सहून दिवसभर चालत येऊन, रात्रीच्या अंधारात हजारोंच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला ते कणीस दिसत असे. घरी बसून ते वाक्य वाचणाऱ्याला फक्त धान्य दिसते.

इ. स. पूर्व ४१५ मध्ये अथेन्सचा सेनापती अल्किबायडीझ याच्यावर याच विधींवरून खटला झाला आणि गैरहजेरीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला, तेव्हा त्याच्यावरचा आरोपही काही सांगून टाकल्याचा नव्हता. त्याने आपल्या घरी, मित्रांसमोर, मुख्य पुजाऱ्यासारखा झगा घालून त्या विधींची नक्कल करून दाखवली होती.