हॉकर सेंटर धुतले जाते त्या दिवशी

सिंगापुरातल्या आमच्या इमारतीजवळचे हॉकर सेंटर, म्हणजे एकाच छपराखाली खाण्याच्या अनेक गाळ्यांची जागा, या आठवड्यात साफसफाईसाठी बंद होते. एखाद्या विक्रेत्याने सुट्टी घेणे वेगळे आणि भात, नूडल्स, डोसा, कॉफी असे सगळे गाळे एकदम बंद ठेवून अख्खी जागा धुऊन काढणे वेगळे. कामगारांनी गटारांवरच्या लोखंडी जाळ्या उचलल्या होत्या, आतला तेलकट गाळ खरवडून पिंपांत भरला जात होता आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली टेबलांचे पाय घासले जात होते. अशी सफाई साधारण दर तीन महिन्यांनी होते व तिच्या तारखा आधीच जाहीर होतात. सकाळची कॉफी हुकली, तरी मी तिथून लवकर हललो नाही. रस्त्यावर खाणे विकणाऱ्या माणसासाठी सरकार गटारसुद्धा घासून देते, हे पाहून मला भरून आले.

हे पहिल्यापासून असे नव्हते. साठच्या दशकात इथेही हातगाड्या रस्त्यांवरच उभ्या राहत, ताटल्या एकाच बादलीत विसळल्या जात आणि उरलेसुरले गटारातून थेट नदीत जाई. 1968-69 मध्ये सरकारने रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी करून त्यांना परवाने दिले, 1971 पासून त्यांच्यासाठी हॉकर सेंटरे बांधायला घेतली आणि 1986 पर्यंत त्यांना रस्त्यावरून या छपरांखाली आणले. बिनपरवाना विक्रेत्यांवर धाडी पडल्या, गाड्या जप्तही झाल्या. पण त्यांना उठवताना जायला जागा दिली गेली आणि त्या जागेत नळ, वीज व सांडपाण्याची वाहिनी होती. मला त्यातला नळ सर्वांत मोलाचा वाटतो. स्वच्छतेवरून विक्रेत्याला बोल लावण्याआधी त्याला वाहते पाणी द्यावे लागते, ही साधी गोष्ट इथल्या नियोजनकारांना पन्नास वर्षांपूर्वी समजली होती.

नियम अर्थातच गिऱ्हाइकालाही आहेत. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवण्याची सक्ती 2021 पासून आहे. पहिल्या वेळी लेखी ताकीद मिळते, दुसऱ्या वेळी 300 सिंगापूर डॉलर दंड होतो. ट्रे ठेवण्याच्या मांडण्याही हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात. टेक्का सेंटरमध्ये बिर्याणीचा गाळा, थोसाईचा (म्हणजे डोशाचा) गाळा आणि चिनी नूडल्सचा गाळा एकाच छपराखाली चालतात, त्यामागे अशी बारीक काळजी आहे. या हॉकर संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, ते मला पूर्णपणे रास्त वाटते.

मुंबईचे नातेवाईक यावर म्हणतात की परदेशात बसून बोलणे सोपे असते. त्यांचे काही अंशी खरे आहे. सिंगापूर हे साठ लाखांच्या आसपास वस्तीचे शहर आहे, बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे आणि आपल्यासारखे रोज नव्या लोकांचे लोंढे इथे येत नाहीत. शिवाय दादरला स्टेशनातून बाहेर पडताच हातात गरम वडापाव देणारा आणि गिऱ्हाइकाला तिखट किती चालते हे लक्षात ठेवणारा विक्रेता कोणत्याही सेंटरपेक्षा मला आजही जवळचा आहे. मी त्याच्याच बाजूने बोलतो आहे. 2014 चा फेरीवाला कायदा आपल्याकडे आहे, सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, तरीही आपली चर्चा फेरीवाले ठेवायचे की हाकलायचे याच्यापुढे सरकत नाही. दोन कोटींच्या शहराला सगळ्यांसाठी इमारती बांधता येणार नाहीत, हे मान्य. पण ठरलेल्या जागी सार्वजनिक नळ, झाकलेले गटार आणि ओल्या कचऱ्याचे पिंप देण्यासाठी सिंगापूर व्हावे लागत नाही.

इथली काळजी वेगळी आहे. हॉकरांचे वय साठीच्या घरात पोहोचले आहे आणि शिकलेली मुले पहाटेपासून रस्सा उकळत उभे राहायला तयार नाहीत. म्हणून नवख्यांना अनुभवी हॉकरांच्या हाताखाली शिकवण्याची सरकारी योजना सुरू झाली आहे. आमच्या सेंटरमधल्या कॉफीवाल्या अंकलनी मात्र अजून कोणालाही हाताशी घेतलेले नाही. ते कापडी गाळणीतून कॉफी ओततात तेव्हा भांडे इतके उंच धरतात की पाहणाऱ्याला थेंब सांडेल असे वाटते, आणि तो कधी सांडत नाही. सफाई संपून सेंटर उघडले की त्यांना याबद्दल विचारायचे मी ठरवले आहे.