तुम्ही विचारलंत म्हणून: म्युटमधली एवढी बटणं लक्षात कशी राहतात?

टर्मिनलमध्ये मेल वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो. माऊस नाही, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी. मग शंभरेक बटणं पाठ करता की काय?

पाठ करायची नसतात. म्युट आणि अल्पाइन हे टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, मेल वाचायचे दोन्ही प्रोग्रॅम आपली बटणं स्वतःच सांगतात. फक्त त्यांना विचारायची सवय लागायला हवी, आणि ती लागत नाही म्हणूनच बहुतेक जण आठवड्याभरात कंटाळून परत ब्राउझरकडे जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अडचण प्रोग्रॅमची नसते. इंटरनेटवरून उतरवलेला तक्ता समोर ठेवून शिकायला घेतलेलं असतं, आणि तो तक्ता दुसऱ्याच कुणाच्या तरी सेटिंगचा असतो.

(रोमन अक्षरांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं.)

म्युटपासून सुरुवात करू. मायकेल एल्किन्स यांनी तो 1995 मध्ये लिहिला. उघडल्यावर सगळ्यात वरच्या ओळीत सात-आठ बटणं दिसतात आणि शेवटी प्रश्नचिन्ह असतं. ते प्रश्नचिन्ह दाबा. लांबलचक यादी येते: बटण, त्याला जोडलेल्या कामाचं नाव, आणि एका ओळीत त्याचा अर्थ. ही यादी छापील नाही, त्या क्षणी बटणांना जे जोडलेलं आहे त्यावरून ती तयार होते. तुम्ही सेटिंगच्या फाइलमध्ये एखादं बटण बदललं असेल तर बदललेलंच दिसतं, मॅक्रो (एका बटणात बांधलेली अनेक बटणं) लिहिला असेल तर तोही 'एम' अशा खुणेसह दिसतो. यादीच्या तळाला कुठलंच बटण नसलेली कामं असतात. तिथपर्यंत कुणी जात नाही, पण जावं. 'हे म्युटमध्ये होतच नाही' असं वाटलेल्या कितीतरी गोष्टी तिथे बटणाची वाट बघत पडलेल्या असतात. यादीत शोधायला तिरकी रेघ, पुढच्या जागी जायला एन, बाहेर पडायला क्यू.

आता नवख्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. बटण हे प्रोग्रॅमचं नसतं, पडद्याचं असतं. मेलची यादी, उघडलेला मेल, पाठवण्याआधीचा पडदा, जोडलेल्या फायलींचा पडदा, या प्रत्येकाची बटणं वेगळी, म्हणून प्रश्नचिन्हाची यादीही वेगळी. मेलच्या यादीत असताना मदत वाचून घेतली आणि पाठवायच्या पडद्यावर तेच बटण दाबलं, तर भलतंच होणार. पाठवायच्या पडद्यावर वाय म्हणजे 'पाठव' आणि ए म्हणजे 'फाइल जोड'. मेलच्या यादीत ए दाबलं तर पाठवणाऱ्याचा पत्ता टोपणनावाने साठवण्याची तयारी सुरू होते. म्हणून ज्या पडद्यावर अडलात तिथेच प्रश्नचिन्ह दाबा, मागे जाऊन नाही.

दुसरी गोष्ट छोट्या-मोठ्या अक्षरांची. म्युटमध्ये छोटा डी समोरच्या एका मेलवर 'काढायचा' अशी खूण करतो, तर मोठा डी 'कोणते मेल काढू?' असं विचारतो आणि नमुना, म्हणजे मेल निवडायची अट, मागतो. कॅप्स लॉक चुकून चालू राहिला की खाली अनोळखी प्रश्न यायला लागतात आणि माणूस घाबरून एंटर दाबतो. एंटर नको. कंट्रोल-जी दाबा, प्रश्न जागच्या जागी रद्द होतो. सगळ्यात आधी कुठलं बटण शिकायचं, तर हे. कुठूनही माघार घेता येते हे कळलं की बाकीची बटणं दाबून बघायची भीती जाते.

खाली आलेल्या प्रश्नातही मदत दडलेली असते. फोल्डर बदलायला सी दाबलं की प्रश्नाच्या शेवटी लिहिलेलं असतं की प्रश्नचिन्ह दाबल्यास यादी मिळेल. थोडं टाइप करून टॅब दाबलं तर नाव पूर्ण होतं. कोलन दाबून 'सेट' लिहिल्यावर सेटिंगच्या नावांनाही टॅब चालतो, आणि नावाच्या पुढे प्रश्नचिन्ह लावलं तर त्याची आत्ताची किंमत दिसते. कीबोर्डवरचं एखादं बटण म्युटला काय म्हणून पोहोचतं हे बघायचं असेल तर कोलन दाबून 'एक्झेक व्हॉट-की' लिहा आणि ते बटण दाबा. नाव समोर येतं. मग तेच नाव सेटिंगच्या फाइलमध्ये वापरायचं. होम, एंड, बॅकस्पेस ही बटणं वेगवेगळ्या टर्मिनलमध्ये वेगळी वागतात, तेव्हा अंदाज करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

रोजच्या कामातला खरा वेळ वाचतो तो मात्र नमुन्यांमुळे. एल दाबून टिल्डा-एफ (टिल्डा म्हणजे ~ ही खूण) आणि एखादं नाव लिहिलं की फक्त त्या माणसाचे मेल उरतात. टिल्डा-एस विषयासाठी, टिल्डा-बी मजकुरासाठी. टिल्डा-डी, मग 'पेक्षा मोठं'ची खूण, मग 30 आणि लगेच डी असं लिहिलं की तीस दिवसांहून जुने. दोन नमुने शेजारी लिहिले की दोन्ही अटी लागू होतात. सगळं परत दिसायला एल दाबून 'ऑल' लिहायचं. मोठा टी तसाच नमुना घेऊन मेलना खूण करतो, आणि मग अर्धविराम दाबून पुढचं बटण दाबलं की ते काम खूण केलेल्या सगळ्यांवर होतं. हा अर्धविराम विसरला की चाळीस मेल निवडूनही एकच मेल हलतो, आणि बाकीचे कुठे गेले म्हणून शोधाशोध सुरू होते. ते गेलेले नसतात, आहेत तिथेच असतात.

आता अल्पाइन. त्याचा पूर्वज पाइन, वॉशिंग्टन विद्यापीठात 1989 मध्ये सुरू झालेला, संगणकात न मुरलेल्या लोकांसाठी. ते आजही दिसतं: तळाच्या दोन ओळींत त्या पडद्यावरची बटणं कायम लिहिलेली असतात. तिथे न मावलेली ओ दाबल्यावर येतात. इथे छोटं-मोठं अक्षर सारखंच. मेल लिहिताना अक्षरं मजकुरात जाणार, म्हणून तिथे मदत प्रश्नचिन्हाने नाही, कंट्रोल-जीने मिळते. म्युटमध्ये माघारीचं असलेलं बटण इथे मदतीचं आहे. माघार घ्यायला कंट्रोल-सी.

लिहिण्याच्या पडद्यावर कर्सर कुठे आहे ते बघा. वरच्या पत्ता-विषयाच्या भागात कंट्रोल-जे म्हणजे फाइल जोडणं. तेच मजकुरात दाबलं तर परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवल्या जातात, आणि तुम्ही आखून लिहिलेला तक्ता एका झटक्यात सपाट होतो. लगेच कंट्रोल-यू दाबा, परत येतो. तळाच्या दोन ओळी कर्सरबरोबर बदलत असतात. नजर तिथे टाकली असती तर हे झालं नसतं.

अल्पाइनची सगळ्यात चांगली मदत मात्र सेटिंगमध्ये आहे, जिथे कुणी बघत नाही. मुख्य पडद्यावर एस, मग सी. शेकडो पर्यायांची यादी येते. कुठल्याही पर्यायावर जाऊन प्रश्नचिन्ह दाबा, त्या एकाच पर्यायाचं सविस्तर स्पष्टीकरण मिळतं. डब्ल्यू दाबून यादीत शोधता येतं. काही बटणं इथे पर्याय चालू केल्याशिवाय चालतच नाहीत. मेल दुसऱ्या प्रोग्रॅमकडे धाडणारी उभी रेघ, किंवा प्रोग्रॅम थांबवून बाजूला ठेवणारं कंट्रोल-झेड, ही त्यातली.

दोन्ही प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एक्सपासून फार जपावं. म्युटमध्ये एक्स म्हणजे काही बदल न करता बाहेर पडणं. काढायच्या खुणाही विसरल्या जातात. अल्पाइनच्या यादीत तेच एक्स काढायची खूण केलेले मेल कायमचे काढून टाकतं. ते आधी विचारतं, पण सवयीचा हात वाय दाबून मोकळा होतो. दोन्हीकडे डी नुसती खूण करतं आणि यू ती पुसतं. खरं पुसणं नंतर होतं, म्युटमध्ये डॉलरचं चिन्ह दाबल्यावर किंवा क्यूने बाहेर पडताना.

मराठीत टाइप करणाऱ्यांची एक अडचण वेगळीच आहे, आणि ती इंग्रजी मदतीत सापडत नाही. इनस्क्रिप्ट (देवनागरीचा कीबोर्ड लेआउट) चालू राहिलं असेल तर इंग्रजी 'जे'चं बटण दाबल्यावर 'र' जातो, 'के' दाबल्यावर 'क', 'डी' दाबल्यावर हलन्त. म्युट म्हणतो, या बटणाला काही जोडलेलं नाही, मदतीसाठी प्रश्नचिन्ह दाबा. पण त्या बटणावर आता 'य' आहे, शिफ्ट धरूनही प्रश्नचिन्ह येत नाही. वाटतं, प्रोग्रॅम बिघडला. लेआउट इंग्रजीवर आणा, काम होतं. हे सगळ्यात जास्त होतं ते देवनागरीत शोधल्यावर: एल दाबायचं, टिल्डा-एस इंग्रजीत लिहायचं, लेआउट बदलून 'पगार' टाइप करायचं, एंटर, आणि पुढचं बटण दाबायच्या आधी लेआउट परत आणायचं.

आणि पडदा पूर्णच गोठला, कंट्रोल-जीलाही दाद देत नाही, तर बहुधा कंट्रोल-एस दाबलं गेलंय. ते म्युटपर्यंत पोहोचलेलंच नाही. टर्मिनलनेच ते 'थांब' म्हणून अडवलंय. कंट्रोल-क्यू दाबा.