सतरा नंबरच्या काकू आणि वाकडं चाक

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी बँक होतो आणि बुडालो. 400 चिंचोक्यांना.

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत त्या रात्री गच्चीवर पत्ते पडतात. गेल्या वर्षी भाच्याने कुठूनसा ऑनलाइन मागवलेला रूलेटचा सेट आणला. प्लास्टिकचं चाक, हिरवं कापड, पांढरी गोळी. गोळी ज्या आकड्याच्या खणात पडेल त्यावर लावणारा जिंकतो, आणि सगळ्यांचे डाव घेऊन जिंकणाऱ्याला देतो तो बँक. म्हणाला, ''मामा, बँक तू. चाकं फिरवणं तुझाच धंदा.'' खरंय ते. वागळे इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. पंपाचे इम्पेलर, मोटारीचे रोटर, पुल्या, जे जे गरगर फिरतं आणि थरथरतं ते आमच्याकडे बॅलन्सिंगला येतं. पैसे लावायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या 17 नंबरच्या काकूंनी उन्हाळ्यात चिंच फोडताना राखलेले चिंचोके आणले आणि माणशी 100 वाटले. तासाभरात ते चकलीच्या हातांनी तेलकट होऊन चमकायला लागले.

मी बँक व्हायला एका पायावर तयार झालो, कारण हिशेब मला माहीत होता. चाकावर 37 खण असतात, 1 ते 36 आणि एक हिरवं शून्य. समजा 37 जणांनी एकेका खणावर एकेक चिंचोका लावला. एकच जिंकणार. त्याला 35 द्यायचे आणि त्याचा स्वतःचा एक परत, म्हणजे 36. बँकेत 37 आले, 36 गेले, एक खाली राहिला. कॅसिनोची सगळी कमाई म्हणजे हा एक चिंचोका. शेकड्याला 2.7. अमेरिकेत दोन शून्यं असलेली चाकं असतात, तिथे खण 38 आणि वाटप तेच 36चं, म्हणून 5.26.

बाकी भाव पाठ करायची गरजच नाही. 36ला जितके आकडे झाकलेत तितक्याने भागायचं आणि एक वजा करायचा. दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर ठेवलं तर 17 पट, तीन आकड्यांच्या ओळीला 11, चार आकडे मिळतात त्या कोपऱ्यावर 8, सहा आकड्यांना 5, बाराला 2. लाल-काळं, सम-विषम, 18पर्यंत किंवा 19पासून पुढे, तिथे 18 आकडे, म्हणून एकास एक. सगळे भाव असे ठेवलेत की जणू शून्याचा खण चाकावर नाहीच. कुठेही लावा, कापला जाणारा तुकडा तेवढाच.

दुसऱ्या मजल्यावरच्या सीए साहेबांनी मात्र शास्त्र काढलं. लालवर एक लावायचा, हरलं की दोन, मग चार, जिंकेपर्यंत दुप्पट. कागदावर बिनचूक. सलग सहा वेळा काळं नाहीतर शून्य आलं आणि साहेबांचे 63 गेले. पुढचा डाव 64चा आणि हातात उरले 37. चाकावरच्या खणांइतकेच, हा योगायोग मी त्यांना दाखवला तो त्यांना आवडला नाही. ''आता लाल यायलाच पाहिजे,'' म्हणत होते. 18 ऑगस्ट 1913ला मोनॅकोतल्या मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळं सलग 26 वेळा आलं होतं. लोक लालवर लावत राहिले आणि धुपत गेले. गोळीला मागचं काही आठवत नाही. दर फेरीला 37त 18, पहिल्या फेरीला तेवढंच आणि सत्ताविसाव्यालाही.

तर हिशेबाने मी जिंकायला हवं होतं. पण काकू आपल्या घराचा नंबर म्हणून रात्रभर 17वर चिंचोके लावत बसल्या आणि 17 येत राहिला. पहिल्या दोनदा टाळ्या, पाचव्यांदा मला घाम. रात्री एकला बँकेचं ताट रिकामं. काकू पदरात चिंचोके घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, ''अरे, तुझं ते चाक माझ्या ओळखीचं दिसतंय.''

मला झोप आली नाही. भाऊबीजेनंतर चाक गाळ्यावर नेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेकांना वाटतं की टेबल कललं की ठरावीक आकडा येतो. तसं नसतं. टेबल कललं तर गोळी वरच्या कडेवरून ठरावीक जागी सुटते, पण खाली आकडे फिरतच असतात, त्यामुळे सुटायची जागा ठरली तरी आकडा ठरत नाही. आकडा ठरायचा तर दोष फिरणाऱ्या तबकडीतच हवा. काठावर वरखालीपणा मोजणारी डायल लावली आणि तबकडी हाताने हळूहळू फिरवली. काटा पाऊण मिलिमीटर हलला. आणि खाली कोणती बाजू? 25, 17, 34, म्हणजे चाकावरचे एकमेकांना लागून असलेले शेजारी. तबकडी आसावर तिरकी बसली होती. शिवाय 17च्या खणाची एक भिंत साच्यातच अर्धवट भरलेली, शेजारून उडालेली गोळी तिथे अलगद घरंगळायची.

तीन संध्याकाळी पोरांना चहा पाजून 370 फेऱ्या मोजल्या. प्रत्येक आकडा साधारण दहा वेळा यायला हवा. 17 आला 23 वेळा, 25 आला 16 वेळा. दर फेरीला 17वर एक चिंचोका लावला असता तर 370 गेले असते आणि 828 परत आले असते.

हेच काम 19व्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ जॅगरने मोंटे कार्लोत केलं. यॉर्कशरचा, कापड गिरण्यांच्या धंद्यातला माणूस. माणसं लावून चाकांचे आकडे लिहून घेतले, वाकडं चाक शोधलं आणि त्याच आकड्यांवर लावत बसला. मग कॅसिनोने चाकांची अदलाबदल केली. तोच मोंटे कार्लोचा कॅसिनो फ्रान्स्वा ब्लाँने नावारूपाला आणला होता. त्याआधी 1843 मध्ये त्याने आणि भाऊ लुईने जर्मनीत होम्बुर्गला एका शून्याचं चाक आणलं होतं, गिऱ्हाईक ओढायला. कापायचं कमी, पण फिरवायचं जास्त. हा हिशेब ठाण्यातल्या कुठल्याही वडेवाल्याला कळेल. 100ची नोट 40 वेळा लावली की उलाढाल 4000ची होते आणि त्याचे 2.7 टक्के म्हणजे 108. नोट सरासरीने संपलीच.

दोन वर्षांपूर्वी एका पंपवाल्या पार्टीबरोबर पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत गेलो होतो. (आपल्या महाराष्ट्रात 1976 साली कॅसिनोचा कायदा झाला, कॅसिनो एकही निघाला नाही आणि 2023 मध्ये कायदाच रद्द झाला.) सगळे गोळीकडे बघत होते, मी तबकडीच्या काठाकडे. बत्तीसेक इंच व्यासाचं जड चाक, बोट पाण्यावर, तरी काठावरची चमकती रेघ जागची हलत नव्हती. असा रोटर माझ्याकडे आला तर बिल करायला लाज वाटेल. तेव्हा मला वाटलं होतं की हे लोक लबाडी फार सफाईने करत असावेत. आता कळतं की चाक सरळ असण्याची गरज त्या बोटीत सगळ्यांत जास्त त्यांनाच. वाकडं चाक काकूंचं असतं.

कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून आसाच्या बुशखाली 17च्या बाजूला शिम, म्हणजे पातळ पट्टी, दिली, भिंत एम-सीलने भरली, पुन्हा 370 फेऱ्या मोजल्या. 17 आला 11 वेळा.

परवा जिन्यात काकू भेटल्या. दिवाळीला अजून चार महिने आहेत. म्हणाल्या, ''चाक दुरुस्त केलंस असं ऐकलं.''

हो म्हटलं.

''मग यंदा चिंचोके तूच आण.''